बाईचं म्हातारपण, घर आणि तब्येत यावर रिसर्च करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समाजशास्त्र शिकवते आणि गेली वीसेक वर्षं वयस्कर बायका, त्यांची घरं आणि त्यांच्या तब्येती यावर काम करतेय. ॲडमिशनच्या दिवसांत तेच तेच प्रश्न येतात, विद्यार्थ्यांचे, त्यांच्या आईवडलांचे, आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाईकांचे तर बाराही महिने, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. काही उत्तरं लांबलीयेत, चालवून घ्या.

तुम्ही नेमकं करता काय?

लोकांच्या घरी जाऊन बसते, चहा पिते (दिवसाला सात-आठ कप, बिनसाखरेचा मागितला तर वाईट वाटतं लोकांना) आणि पन्नाशी-साठीपुढच्या बायकांना घराबद्दल, तब्येतीबद्दल, कोण कुणाचं करतं याबद्दल विचारते. मग ते सगळं लिहून काढायचं, मोठ्या सर्व्हेंच्या आकड्यांशी ताडून बघायचं, पेपर लिहायचा, तो परत आला की दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. मधल्या वेळात लेक्चरं, पेपर तपासणं आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. नावामागे डॉक्टर लागतं त्यामुळे गावात पहिल्याच घरात बाई हात पुढे करते, बीपी बघा म्हणून. आधी मी समजावत बसायचे की मी तसली डॉक्टर नाही, आता बॅगेत मशीनच ठेवते, आकडा सांगते, जास्त असला तर पीएचसीत जाऊन दाखवा म्हणते आणि गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही.

वयस्कर बायकाच का? मुलींचे, बाळंतिणींचे प्रश्न संपले का?

संपले नाहीत, पण त्यावर काम करणारे पुष्कळ आहेत. माझं या विषयात येणं एका वयाच्या रकान्यावरून झालं. आपल्याकडे बायकांच्या तब्येतीची सगळ्यात मोठी मोजणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७ लाख २४ हजार बायकांशी बोलले, केवढं मोठं काम. पण कुठल्या बायका, तर १५ ते ४९ वयाच्या. कारण हा सर्व्हे मुळात जन्मदर, कुटुंबनियोजन, बाळंतपण, लसीकरण यासाठी उभा राहिला, मग मूल होण्याचं वय संपलं की प्रश्नावलीही संपते. पाचव्या फेरीत बीपी आणि शुगर मोजताना घरातल्या मोठ्यांचीही मोजली हे मान्य, पण बाईला समोर बसवून तुझी पाळी, तुझं आजारपण, घरात तुझं कोण ऐकतं असं विचारणारा जो लांबलचक भाग आहे तो पन्नासाव्या वाढदिवसाला बंद होतो.

आता बघा, आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास. म्हणजे पाळी जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, बीपी चढतं, मुलं लग्नं करतात, सासू अंथरुणाला लागते, नवरा रिटायर होतो किंवा जातो, हे सगळं ज्या वयात सुरू होतं नेमक्या त्याच वयात बाई कागदावरून नाहीशी. आणि २०१६-२० च्या आकड्यांनुसार भारतात बाईचं सरासरी आयुर्मान ७१.४ वर्षं आहे, पुरुषाचं ६८.६. म्हणजे ४९ नंतर वीस-बावीस वर्षं तरी बाकी असतात, जी पन्नाशी गाठते तिची तर त्याहूनही जास्त.

मग या वयाचा डेटा कुठेच नाही का?

आता आहे. एक मोठा दीर्घकालीन वार्धक्य अभ्यास आहे, आम्ही सगळे त्याला लासी म्हणतो (पहिले काही दिवस जिभेवर लस्सीच येते). देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांबरोबर तो केला, पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ आणि त्यापुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची. नुसती विचारपूस नाही, हाताची पकड किती आहे ते यंत्राने मोजतात, ठराविक अंतर चालायला लावून सेकंद मोजतात, दहा शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने किती आठवले ते विचारतात. अमेरिकेत असा अभ्यास १९९२ पासून चालू आहे, त्याच धर्तीवर हा बेतलाय, त्यामुळे नागपूरच्या आजीची आणि टेक्सासच्या आजीची तुलना बऱ्यापैकी करता येते. विद्यार्थ्यांना हा डेटा अर्ज करून मिळतो, पैसे पडत नाहीत. मला दरवर्षी कुणीतरी विचारतं की पीएचडीसाठी डेटा गोळा करायला पैसे नाहीत, तर आधी हा उघडून बघा, दोन-तीन पीएचड्या सहज निघतील एवढं त्यात पडलंय.

पुण्याजवळ शिरूर तालुक्यात वढूला केईएमच्या संशोधन केंद्राचं काम २००२ पासून चालू आहे, तिथे गावंच्या गावं वर्षानुवर्षं नोंदली जातात, जन्म, मृत्यू, कोण आलं कोण गेलं. या विषयात एकदाच काढलेल्या फोटोचा फार उपयोग नसतो, तेच माणूस दहा वर्षांनी पुन्हा भेटायला हवं.

मुळात कुटुंबाचा आणि तब्येतीचा संबंध काय?

एकच उदाहरण देते. कापूस किंवा सोयाबीन लावणारं घर, आजी सत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले. संडास मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून. ती दुपारनंतर पाणी पीत नाही. का, तर रात्री उठावं लागलं तर सुनेला उठवावं लागेल आणि सून पहाटे पाचला उठून शेतावर जाणार. मग उन्हाळ्यात लघवीची जळजळ, चक्कर, पडणं. आता हा आजार गुडघ्याचा, मूत्रमार्गाचा, पायऱ्यांचा, की सुनेच्या कामाच्या तासांचा? डॉक्टर कागदावर एकच लिहितात.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या आणि करणारे पुरुष ९७. २०२४ ला पुन्हा मोजलं तर २८९ आणि ८८, म्हणजे दोघांचंही थोडं कमी झालं, फरक तसाच. आणि ही कामं साठीला रिटायर होत नाहीत. मला भेटलेल्या बायकांत काम कधी थांबलं याचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या पडण्याने किंवा ऑपरेशनने सुरू होतं.

एकत्र कुटुंब मोडलं म्हणून म्हाताऱ्यांचे हाल झाले, हाच ना तुमचा निष्कर्ष?

नाही. हा प्रश्न भाषणाच्या शेवटी कुणीतरी काका उठून विचारतातच, खरं म्हणजे प्रश्न नसतो, त्यांचंच भाषण असतं. ए. एम. शहांसारख्या समाजशास्त्रज्ञांनी कधीच दाखवलंय की जुन्या काळी सगळे मोठ्या एकत्र कुटुंबातच राहायचे हे अर्धं स्वप्नरंजन आहे. तीन पिढ्या एका घरात राहायला तीन पिढ्या जिवंत असाव्या लागतात. आज सत्तरी गाठलेल्या बायका आहेत म्हणून आजीचा प्रश्न आहे. लासीत ६० पुढची सहा टक्क्यांच्या आसपास माणसं एकटी राहत होती, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, बाकी बहुतेक सगळी कुणा ना कुणाबरोबर. वृद्धाश्रमावर सिरियली येतात, पण म्हातारपण घडतं घरात, सासूची खोली कुठली, टीव्हीचा रिमोट कुणाकडे, चष्म्याची काच फुटल्यावर किती दिवसांनी बदलून मिळते, इथे.

एक मात्र खरं, नवरा वयाने मोठा आणि बाई जगते जास्त, त्यामुळे ६० पुढच्या बायकांत जवळपास निम्म्या विधवा असतात, पुरुषांत विधुर खूप कमी. पुरुषाचं शेवटचं आजारपण बायको काढते. बायकोचं कोण काढतं हा माझ्या निम्म्या पेपरांचा विषय आहे.

जन्मतारीख माहीत नसलेल्या बायकांचं वय कसं काढता?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. आधार कार्डावर अर्ध्या बायकांची तारीख १ जानेवारी किंवा १ जून असते, ती शाळामास्तरांनी किंवा कॅम्पवाल्या मुलाने टाकलेली. मग आम्ही घटनांचं कॅलेंडर वापरतो. पुणे भागात पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१, तुम्ही चालत होतात का कडेवर होतात? सातारा-कराडकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. लातूर-धाराशिवकडे किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा थोरला किती वर्षांचा होता? आणि सगळ्या महाराष्ट्राला चालणारं एकच साल, ७२ चा दुष्काळ. "दुष्काळात मी खडी फोडायला जायची, पोटुशी होते" असं म्हटलं की वय, लग्नाचं वय, पहिलं मूल, कामाचा प्रकार सगळं एका वाक्यात मिळतं. सुकडी आणि लाल मिलोची (दुष्काळात वाटलेला खाऊ आणि परदेशातून आलेली ज्वारी) आठवण काढली की पुढचा अर्धा तास प्रश्न विचारावे लागत नाहीत.

७२ चा उपयोग नुसता वय काढायला नाही. तेव्हा पोटात असलेल्या मुली आता पन्नाशी ओलांडून गेल्या आणि तेव्हा वाढीच्या वयात असलेल्या साठीत आहेत. लहानपणी, किंबहुना गर्भात असताना खायला मिळालं नाही तर चाळीस-पन्नास वर्षांनी शुगर आणि हृदयाच्या आजारात ते दिसतं, हे हॉलंडच्या १९४४-४५ च्या उपासमारीवरच्या अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, जन्मतः वजनाने बारीक पण अंगात चरबी जास्त असलेलं बाळ ही कल्पना तिथून जगभर गेली. बाळांवर खूप लिहिलं गेलं. त्या बाळांच्या आया आता स्वतः पन्नाशीच्या आसपास आल्यात, मला त्यांच्यात इंटरेस्ट आहे.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना काय अडचण येते?

आयुष्य जातं. जगभर विचारला जाणारा साधा प्रश्न आहे, एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे, खूप चांगली, चांगली, बरी, वाईट की खूप वाईट. आपल्याकडे उत्तर येतं "चालतंय की". हे कुठल्या खान्यात टाकायचं? एक आजी होत्या, मोतीबिंदू पिकलेला, बसल्यावर उठता येत नव्हतं, म्हणाल्या तब्येत चांगली. का, तर "माझं मी न्हाते-धुते, कुणाला हाक मारावी लागत नाही." त्यांच्या हिशोबात आजार म्हणजे हाक मारावी लागणं.

मन उदास असतं का विचारलं तर नाही. एकटं वाटतं का, तर "घर भरलेलं आहे, एकटं कशाला वाटेल" आणि वर माझ्याकडे असं बघतात की ही घरात भांडण लावायला आलीये. पण "करमतं का?" विचारा. डोळ्याला पदर लागतो. करमत नाही, जीव लागत नाही, घोर लागलाय, हे तीन वेगळे आजार आहेत म्हणा ना, आणि भाषांतर करणाऱ्या एजन्सीने तिन्हीला उदासीनता लिहिलेलं मी पाहिलंय. शंभरातून सात-सात वजा करा हा मेंदूची शक्ती बघायचा प्रश्न शाळेची पायरी न चढलेल्या बाईला विचारणं तर अन्याय आहे, तीच बाई बचतगटाचा महिन्याचा हिशोब तोंडी सांगते.

शरीराच्या शब्दांची एक यादी करून ठेवा. पाळी गेली. पिशवी (गर्भाशय) काढली. अंग बाहेर येतं (गर्भाशय खाली उतरतं). अंगावरून पांढरं जातं. कंबर धरलीय. मेडिकल मराठी घेऊन गेलात तर बाई मान डोलावते आणि काहीच सांगत नाही.

हे इतके खाजगी प्रश्न, सांगतात बायका?

पहिल्या दिवशी नाही. अंग बाहेर येतं हे मला एका बाईने तिसऱ्या भेटीत सांगितलं, बावीस वर्षं तसंच घेऊन शेतात वाकत होती, नवऱ्यालाही माहीत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंगांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आमच्या विषयातल्या प्रत्येकाने हे वाचलेलं असतं, कारण बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही हा समज त्याने मोडला.

प्रॅक्टिकल सांगायचं तर अडचण बाईपेक्षा दाराची असते, दारात सून, मधल्या खोलीत मुलगा, ओट्यावर शेजारीण. आम्ही जोडीने जातो, एकजण सुनेकडून घरातली माणसं, शेती, जनावरं, सिलिंडर असली माहिती पुढच्या खोलीत बसून घेते, दुसरी आजींबरोबर मागच्या दारी. वेळ दुपारी दोन ते चार. लसूण सोलायला बसल्या असतील तर आपणही सोलायचा, हात कामात असले की बोलणं सोपं जातं आणि डोळ्यात बघावं लागत नाही. सुनेचं वेगळं ऐकायलाही विसरू नका, मी सुरुवातीची काही वर्षं सगळ्या सुना खलनायिका असल्यासारखं लिहायचे, मग स्वतः सून म्हणून दवाखान्याच्या चकरा मारल्या आणि जुने पेपर वाचायची लाज वाटायला लागली.

पिशवी काढण्यावर एवढं काम का चाललंय?

कारण तिथे कुटुंब, कामाची पद्धत आणि म्हातारपण एका गाठीत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. ऊसतोडीला मुकादम (मजूर आणणारा ठेकेदार) नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच हिशोब, धरतो, उचल आधी घेतलेली, खाडा झाला की दंड. पाळीत, पोटात दुखत असताना, फडात संडास-पाणी नसताना काम करायचं म्हणजे काय याची कल्पना करा. मग डॉक्टर म्हणतो पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. बाई म्हणते मुलं झालीत, कटकट गेली. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, कित्येकींची तिशी-पस्तिशीतच.

बातम्या ऑपरेशनपाशी थांबल्या. मला पुढचं बघायचंय. बीजकोषही काढले असतील तर त्या बाईचं म्हातारपण पंधरा वर्षं अलीकडे येतं, हाडं, हृदय, झोप, सगळंच. ती पन्नाशीला पोचेल तेव्हा तिचा हात कोयता धरेल का? कामाला जाता येत नाही म्हटल्यावर घरात तिची जागा काय राहील? आणि ऑपरेशनसाठी घेतलेली उचल कोण फेडेल? यावर चांगली पीएचडी कुणीतरी करा, मी वाचायला बसलेय.

यासाठी शिक्षण कुठलं लागतं?

समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, नर्सिंग, होम सायन्स, कुठूनही येता येतं. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६ पासूनची) आणि तिथेच जवळ टाटा समाजविज्ञान संस्था, दोन्हीकडे या विषयाला घर आहे. आकड्यांची आवड असेल तर पहिली, माणसांत काम करायचं असेल तर दुसरी, असं मी ढोबळ सांगते, दोन्हीकडचे लोक यावर चिडतात. एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र १९७४ चं, देशातलं पहिलं. पुणे विद्यापीठात सावित्रीबाईंच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे, गोखले इन्स्टिट्यूट आहे. आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात बसून नातेसंबंधांवर काम करायच्या त्या पुण्यात आपण शिकतोय याचं थोडं भान असू द्या, माहेर-सासर, मामाची मुलगी, गावाबाहेर की गावात सोयरीक, या गोष्टींवर बाईला म्हातारपणी भाऊ जवळ असणार की नाही हे ठरतं, ही दिशा त्यांच्या कामातूनच दिसते.

एमएला असताना एखादं सांख्यिकी सॉफ्टवेअर शिकून घ्या. गणित येत नाही म्हणून समाजशास्त्राला आलेय असं सांगणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात, मीही त्यातलीच, तिशीत रडत रडत शिकले.

आकडे महत्त्वाचे की गोष्टी?

दोन्ही. पुढचा प्रश्न.

नोकरी मिळते का? पगार?

खरं सांगू का, उशिरा. नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते (सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं). नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं भत्ता, त्यात माणूस जगतं. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं आणि त्यावर डीए वगैरे, चांगलं आहे, पण जागा निघतात कधी हा प्रश्न आहे. मधली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर जातात, म्हणजे सीएचबी, जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टीचे नाहीत, बिलं सहा-सहा महिने लटकलेली. मी चार वर्षं काढली, दोन कॉलेजं, एक सकाळचं एक दुपारचं, मध्ये एसटीच्या स्टँडवर डबा. कॉलेजांव्यतिरिक्त सर्व्हे करणाऱ्या संस्था, एनजीओ, आरोग्य खात्याचे प्रकल्प असतात, तिथे पैसे वेळेवर मिळतात पण प्रोजेक्ट संपला की घरी.

लग्न झालंय, मूल लहान आहे, पीएचडी झेपेल?

नियम आधी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, पुढे मुदतवाढ मिळू शकते, बायकांना आणखी २ वर्षं सवलत, आणि बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवस रजा घेता येते. गाईडला हे माहीत नसेल तर छापून टेबलावर ठेवा.

नियमाबाहेरचं उत्तर असं की कुणाच्या तरी मदतीशिवाय झेपत नाही आणि ती मदत बहुतेक वेळा एखादी पन्नाशी-साठीची बाईच करते. माझी मुलगी लहान असताना आई येऊन राहिली म्हणून मी वयस्कर बायकांच्या कष्टांवर प्रबंध पूर्ण करू शकले, यातला विनोद मला तेव्हा कळला नव्हता. पुढे सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. तेव्हा मी नेमका घरच्या शुश्रूषेवर पेपर लिहीत होते. रजा कुणी टाकली ते सांगायला नको. नवरा संध्याकाळी डबा घेऊन यायचा आणि अख्खा वॉर्ड म्हणायचा, किती करतो हो आईचं.

मी मुलगा आहे, हा विषय घेऊ का?

घ्या, जरूर घ्या. काही प्रश्न तुम्हाला विचारता येणार नाहीत, तिथे बाई इन्व्हेस्टिगेटर लागेल. पण सातबाऱ्यावर आईचं नाव का नाही हे मुलांना, भावांना विचारायला तुम्हीच बरे, आमच्यासमोर ते सगळे फार आदर्श होतात.

परदेशातून पीएचडी करावी का?

फेलोशिप मिळत असेल तर करा. विषय मात्र तिथेही आपलाच मिळू शकतो. पुण्या-नाशिकच्या किती आज्या सूनबाईच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत जातात, आल्यावर सगळ्यांना नायगारा दाखवतात, पण कार चालवता येत नाही, डॉक्टरचा इन्शुरन्स तुटपुंजा, बीपीच्या गोळ्या इथून मोजून नेलेल्या, आणि दिवसभर बाळाचं करायचं. याला ट्रिप म्हणायचं का नोकरी?

तुमच्या रिसर्चचा त्या बायकांना काय उपयोग?

हा प्रश्न मला एका आजींनीच विचारला होता, "तू लिहून नेलंस, तुला साहेब शाबासकी देतील, मला काय?" मी श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज भरून दिला आणि विषय बदलला. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० मिळतात, ६५ पूर्ण पाहिजे आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, आता २१ हजारांत वर्ष काढणारं घर दाखवा मला, दाखला मात्र तसा मिळतो. त्यातला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये आहे, वर्षानुवर्षं तेवढाच. २००७ चा आईवडलांच्या पोटगीचा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, महिना १० हजारांपर्यंत पोटगी. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या फार थोड्या गेल्या. मुलावर केस करून जेवायचं कुणाकडे?

कुठे उपयोग झालेला दिसतो? एसटीचं उदाहरण आवडतं मला, त्यात माझं काही श्रेय नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पुढच्यांना फुकट आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. त्यानंतर फिल्डला गेले तर बायका घरी सापडेनात. लेकीकडे गेली, डोळे दाखवायला तालुक्याला गेली, पंढरपूरला गेली. आमचं सॅम्पल कोसळलं पण मला इतका आनंद कधी झाला नव्हता. प्रवासाचा खर्च हे दवाखान्यात न जाण्याचं कारण म्हणून आम्ही वर्षानुवर्षं टेबलात टाकत होतो, ते असं उठून चालायला लागलं. पैसे आहेत का हे विचारायला नको, मुलाकडे हात पसरायला नको.

पेपरचा उपयोग हळू होतो. अंग बाहेर येण्यावरचा माझा पेपर एका ठिकाणहून परत आला, हा विषय मेडिकलवाल्यांचा आहे म्हणून, दुसरीकडून परत आला, हा विषय समाजशास्त्राचा आहे म्हणून. तिसऱ्यांनी छापला. आता फिल्डला जाताना जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीचे वार आणि वेळ छापलेल्या चिठ्ठ्या बरोबर असतात, पेपरपेक्षा त्या जास्त वाचल्या जातात.

ऐकून ऐकून त्रास होत नाही?

होतो. फिल्डवरून आल्यावर एक दिवस काही लिहू नका. विद्यार्थ्यांना मी सलग तीन घरांपेक्षा जास्त घेऊ देत नाही. आणि दुःखच ऐकायला मिळतं असंही नाही, सत्तरीच्या बायका एकत्र बसल्या की जे विनोद करतात ते इथे छापता येणार नाहीत.

बायका तुम्हाला उलट काही विचारतात का?

सगळं. पगार किती, पोरं किती, एकच का, नवरा स्वयंपाक करतो का, सासू आहे का, पाळी गेली का गं तुझी. आधी हा शेवटचा प्रश्न आला की मी हसून टाळायचे, आता गेली म्हणून सांगते आणि त्या लगेच जवळ सरकून बसतात, मेथीचं पाणी, डिंकाचे लाडू, काय काय सांगतात, इंटरव्ह्यू तिथे खरा सुरू होतो.

मध्यंतरी आमच्याच सोसायटीत एका सर्व्हेची मुलगी आली होती, टॅबलेट घेऊन, उन्हातून जिने चढून. मला इतका उत्साह आला, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारणार होतं. तिने घरातली माणसं लिहिली, पाण्याचा फिल्टर, गाडी, फ्रीज लिहिला. मग माझं वय विचारलं. ५१ म्हटल्यावर टॅबलेटवर काहीतरी दाबलं आणि म्हणाली, मग मॅडम तुमचा फॉर्म नाही भरायचा, घरात १५ ते ४९ मधलं कोणी बाईमाणूस आहे का? मुलगी कॉलेजला गेली होती. मी म्हटलं संध्याकाळी ये, आता चहा घे. किती कप होतात गं दिवसाला, विचारलं. म्हणाली, सात-आठ.